काशीची विहीर, ऑक्सफर्डशायरची तहान

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बिस्किटांच्या डब्यावरचं चित्र येतं. हिरवंगार मैदान, दगडी चर्च, भिंतींवर वेल चढलेली घरं, एक पब आणि पाऊस. पाऊस तर हवाच! ज्या देशात ओळख नसलेली माणसंही हवामानावर गप्पा मारतात, तिथल्या एका गावात प्यायला पाणी नव्हतं असं कुणी सांगितलं तर आपण हसू. आणि त्या गावाला पाणी दिलं ते चक्क काशीच्या महाराजांनी, स्वतःच्या पैशांनी, असं सांगितलं तर? मेसेज न वाचताच डिलीट.

पण स्टोक रो हे गाव खरं आहे. दक्षिण ऑक्सफर्डशायरमध्ये, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. हेन्ली-ऑन-थेम्सपासून पश्चिमेला पाचेक मैल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसहाशेच्या घरात होती. म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या हाउसिंग कॉम्प्लेक्सच्या दोन टॉवरमध्ये अख्खं गाव मावेल. जवळचं मोठं शहर रीडिंग. हे नाव वाचून आयटीतल्या मंडळींचे कान टवकारले असतील, कारण ऑनसाइटच्या निमित्ताने रीडिंगला राहून आलेला एक तरी मित्र प्रत्येकाकडे असतो. माझ्याकडे मैत्रीण आहे. तिच्याकडे राहायला गेले तेव्हा वीकेंडला ऑक्सफर्ड बघायचं की बाथ, यावर वाद चालू होता. मी म्हटलं, मला एक विहीर बघायचीय. ‘विहीर बघायला इतक्या लांब आलीस?’ असं तिने विचारलं आणि तरी गाडी काढली. मागच्या सीटवर तिची आई, म्हणजे आमच्या काकू. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या, मूळच्या सांगोल्याच्या. त्यांच्याकडे आपण पुढे येऊच.

खडूचा डोंगर

स्टोक रोचं सगळं रामायण त्याच्या जमिनीत आहे. चिल्टर्न म्हणजे खडूचा डोंगर. फळ्यावर लिहायचा खडू आठवा, तसाच पांढरा, ठिसूळ चुनखडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचा शेकडो फूट जाडीचा थर झाला. हे साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वीचं. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसातून घडला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे वयाने हा पांढरा डोंगर आपल्या काळ्या कातळाचा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही.

आता खडूचं वैशिष्ट्य असं की तो पाणी पितो. स्पंजसारखा. पाऊस पडला की पाणी भेगांमधून झिरपत थेट खाली जातं आणि डोंगराच्या पोटात खोलवर साठतं. माथ्यावर ना ओढा, ना झरा. दऱ्या आहेत, पण त्यांच्या तळाला नदी नाही. ‘कोरड्या दऱ्या’ असंच त्यांना म्हणतात. झरे फुटतात ते डोंगराच्या पायथ्याशी. पावसाचं म्हणाल तर वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर, म्हणजे जवळपास पुण्याइतका. फरक एवढाच की आपल्याकडे तो चार महिन्यांत आपटतो आणि तिथे बारा महिने रिमझिमतो. तरीही पाणी नाही. पाणी होतं, पण साडेतीनशे फुटांखाली.

खडूच्या वर गारगोट्या मिसळलेल्या चिकणमातीचा एक थर आहे. त्या मातीने गावाला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे विटा. या पट्ट्यात विटांचा धंदा जुना आहे आणि शेजारच्या नेटलबेड गावात बाटलीच्या आकाराची एक जुनी भट्टी आजही रस्त्यालगत उभी आहे. दुसरं म्हणजे डबकी. माती खणून काढली की राहिलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचायचं आणि मातीमुळे ते लवकर मुरायचं नाही. गुरंढोरं, कपडे, स्वयंपाक, पिणं, सगळं त्यावर. कोरड्या उन्हाळ्यात डबकी आटली की मैलोन्‌मैल चालून खालून पाणी आणायचं. ते कोण आणायचं, हे वेगळं सांगायला नको.

‘स्टोक’ हा जुना इंग्रजी शब्द. मूळ गावापासून दूरची वस्ती असा त्याचा अर्थ. थोडक्यात काय, तर वाडी! इप्सडेन, न्यूनॅम मरेन आणि मंगवेल ही खालच्या अंगाची गावं. त्यांच्या हद्दी लांबट पट्ट्यांसारख्या, खालच्या सुपीक सपाटीपासून वर डोंगरावरच्या जंगलापर्यंत गेलेल्या. प्रत्येक गावाला खाली शेती मिळावी आणि वर लाकूडफाटा मिळावा असा हिशेब. स्टोक रो या पट्ट्यांच्या वरच्या टोकाला, तिन्ही गावांत विभागलेली वस्ती. चर्चसुद्धा १८४६ साली आलं. लोक बीचच्या जंगलात खुर्च्यांचे पाय कातायचे, विटा भाजायचे, मजुरी करायचे. मालकांची घरं, शेतं आणि नदी, सगळं खाली. तहान तेवढी वर.

मार खाणारं पोर

खालच्या इप्सडेनमध्ये रीड नावाचं जमीनदार घराणं होतं. त्यातले चार्ल्स रीड कादंबरीकार म्हणून गाजले. आपल्या गोष्टीचा नायक मात्र त्यांचे बंधू, एडवर्ड अँडरडन रीड. जन्म १८०७ चा. कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत लागून हिंदुस्थानात आले आणि आयुष्याची तीसेक वर्षं आजच्या उत्तर प्रदेशात काढली. आझमगढला असताना, १८३१ मध्ये, त्यांनी तिथल्या लोकांसाठी एक विहीर खणवली होती. पुढे बनारसला असताना महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांची मैत्री जमली.

हे महाराज म्हणजे रामनगरच्या किल्ल्यात राहणारे, तिथली महिनाभर चालणारी प्रसिद्ध रामलीला ज्यांच्या आश्रयाने बहरली, ते. त्यांच्याशी गप्पा मारताना रीडसाहेबांनी आपल्या गावाकडची एक आठवण सांगितली म्हणतात. डोंगरावरच्या वस्तीत एका पोराला त्याची आई बडवत होती. गुन्हा काय, तर घरातलं शेवटचं पाणी तो पिऊन बसला.

महाराजांना ही गोष्ट लागली असणार. गंगेच्या काठावर राज्य करणाऱ्या माणसाला ‘साहेबाच्या देशात’ पाण्यावरून मुलं मार खातात हे ऐकून काय वाटलं असेल, याचा नुसता विचार करून बघा. १८६० मध्ये रीड निवृत्त होऊन इप्सडेनला परतले. पुढे १८६२ च्या सुमारास महाराजांनी कळवलं, की इंग्लंडमध्ये लोकांच्या उपयोगी पडेल असं काही तरी मला करायचं आहे. रीडनी सुचवलं, स्टोक रोला विहीर द्या.

साडेतीनशे पौंडांचा आड

१० मार्च १८६३ ला कुदळ पडली. त्याच दिवशी युवराजांचं, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचं लग्न होतं. विहीर खुली झाली २४ मे १८६४ ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी. मुहूर्त काढण्यात बनारसकरांचा हात कोण धरणार!

मधल्या चौदा महिन्यांत जे झालं ते मात्र अंगावर काटा आणणारं आहे. खोली ३६८ फूट. रुंदी फक्त चार फूट. आणि हे सगळं हाताने खणलेलं. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. उंचीपुरतं बोलायचं तर तो आत उतरवून वर अजून ८८ फूट उरतील. चार फुटांच्या व्यासात दोन माणसांना धड एकमेकांना पाठ लावूनही काम करता येत नाही. तळाशी माणूस खणतोय, वरून दिसणारं आकाश नाण्याएवढं झालंय आणि खणलेला प्रत्येक तुकडा दोराने वर जातोय. मी घनफळाचं गणित मांडून पाहिलं, तर साडेचार हजार घनफुटांच्या वर माती आणि खडू निघतो. एकूण खर्च ३५३ पौंड, १३ शिलिंग, ७ पेन्स. हिशेब पेन्सपर्यंत नोंदलेला आहे, पण आत उतरणाऱ्यांची आठवण गावाच्या या गोष्टीत फारशी कुणी काढत नाही. महाराज आणि रीडसाहेब यांची मैत्री सगळ्यांना पाठ.

वरचा साज वॉलिंगफर्डच्या वाइल्डर यांच्या कारखान्यातला. लोखंडी खांब, त्यावर घुमट, आणि घुमटाखाली, पाणी ओढायच्या यंत्रावर, एक सोनेरी हत्ती! साधारण २३ फुटांची ही छत्री आपल्याकडच्या एखाद्या संस्थानी राजधानीत उभी असती तर कुणी मान वळवून पाहिलं नसतं. इथे मात्र एका बाजूला विटांची घरं, दुसऱ्या बाजूला शांत रस्ता आणि मधे हत्ती. पहिल्यांदा पाहताना खरंच हसू येतं. शेजारी रखवालदारासाठी अष्टकोनी टुमदार घर बांधलं, तेही पाऊणशे पौंडांच्या आत.

रीड यांचं डोकं खरं दिसतं ते पुढच्या व्यवस्थेत. दान देणारा सात समुद्रांपलीकडे, मग दोर तुटला, चाक झिजलं, तर पैसे कुठून आणायचे? त्यांनी विहिरीलगत चार एकरांवर चेरीची बाग लावली. फळं विकायची आणि त्यातून विहिरीची देखभाल करायची. पाणी सगळ्यांना फुकट. बागेचं नाव ‘ईश्री बाग’, महाराजांच्या नावावरून. आत माशाच्या आकाराचं तळं, कारण मासा हे बनारस संस्थानाचं चिन्ह. एनजीओवाले ज्याला ‘सस्टेनेबल मॉडेल’ म्हणून पॉवरपॉइंटवर दाखवतात, ते एका निवृत्त कलेक्टरी माणसाने दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी चेरीच्या झाडांवर उभं केलं होतं.

काकूंचा प्रश्न

आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मैत्रीण लगेच हत्तीचे फोटो काढायला लागली. काकू मात्र छत्रीखाली जाऊन उभ्या राहिल्या, आत वाकून पाहिलं, मग दातेरी चाकांकडे, मग दांड्याकडे. म्हणाल्या, ‘ही विहीर नव्हे गं. हा आड.’

आणि खरंच की! पायऱ्या नाहीत, उतरायची सोय नाही, अरुंद, खोल, फक्त पोहरा सोडायचा. इतके दिवस मी ‘विहीर, विहीर’ करत होते. नेमका शब्द सांगोल्याहून आला.

मग त्यांनी विचारलं, ‘एक पोहरा वर यायला किती वेळ?’ मी वाचून आले होते: जवळपास दहा मिनिटं. काकू गप्प झाल्या. मनातल्या मनात त्यांचा हिशेब चालला होता. घरी माणसं किती, हंडे किती, पुढे बायकांची रांग किती. ‘म्हणजे सकाळ गेलीच,’ त्या म्हणाल्या. ‘पण मैलभर चालण्यापेक्षा बरं. निदान उभ्याने गप्पा तरी होत असतील.’ आमच्याकडे आड आटला की चार कोस जावं लागायचं, असं काहीतरी त्या पुढे बोलल्या आणि विषय बदलला. लहानपणचं दुष्काळाचं त्या कधीच फार सांगत नाहीत, असं मैत्रिणीने मला नंतर गाडीत सांगितलं.

आम्हा दोघींना तिथे ‘हेरिटेज’ दिसत होतं. काकूंना काम दिसत होतं.

दुसरी एक विहीर

इथवरची गोष्ट गोड आहे. गुडी-गुडी म्हणा हवं तर. पण तारखा जरा पुन्हा पाहा. १८६३. त्याआधी सहाच वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थान पेटला होता. कानपूरला नानासाहेब पेशवे, झाशीला राणी लक्ष्मीबाई. म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातली माणसं ज्या वायव्य प्रांतात लढली, त्याचं मुख्य ठाणं होतं आग्रा. सप्टेंबर १८५७ मध्ये तिथले लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन वारले आणि प्रांताचा कारभार काही काळ ज्यांच्या हाती आला, ते आपले हेच रीडसाहेब! आणि महाराज ईश्वरीप्रसाद? ते त्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूने राहिले.

त्या काळात इंग्लंडमधल्या माणसाला ‘हिंदुस्थानातली विहीर’ म्हटलं की एकच विहीर आठवायची, ती कानपूरची. जुलै १८५७ मध्ये बीबीघरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली आणि मृतदेह विहिरीत टाकले गेले. त्याचा जो सूड पुढे इंग्रजांनी उगवला तोही तितकाच भीषण होता. त्या विहिरीवर नंतर संगमरवरी देवदूत उभा राहिला. एकीकडे ते स्मारक आकार घेत होतं आणि नेमक्या त्याच वर्षांत ऑक्सफर्डशायरच्या खेड्यात एक हिंदी राजा विहीर खणवत होता. माझ्या मते हा योगायोग नाही. युवराजांच्या लग्नाचा आणि राणीच्या वाढदिवसाचा मुहूर्त धरणारा माणूस राजकारण जाणत होता. मी तुमचा मित्र आहे, हे त्याला तिकडे दिसेल अशा जागी लिहून ठेवायचं होतं. आणखी एक टोचणारी गोष्ट. १८६०-६१ मध्ये दोआबात मोठा दुष्काळ पडला होता. हिंदुस्थानात माणसं अन्नपाण्यावाचून मरत होती, ती आठवण ताजी असताना इथले पैसे तिकडे पाणी काढत होते.

मग हे दान खोटं का? मला तसं वाटत नाही. महाराजांचा हेतू काही का असेना, स्टोक रोच्या बाईला पोहऱ्यात पाणी मिळालं, आणि पुढची कितीतरी वर्षं मिळत राहिलं. त्यांच्यामागोमाग बनारसकडचेच राजा देवनारायण सिंह यांनी इप्सडेनजवळ आणखी एक विहीर दिली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत साम्राज्याला आपल्याच राजधानीपासून चाळीसेक मैलांवरच्या गावाला प्यायचं पाणी देता आलं नव्हतं, ते गुलाम देशातल्या राजाने दिलं, ही गोष्ट काही त्या राजकारणाने पुसली जात नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असं आपण म्हणतो. इथे आडच नव्हता!

सॉसेज, चेरी आणि गंगाजल

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावात नळ आले आणि रहाट थांबला. पण गाव विसरलं नाही. १९६१ मध्ये एलिझाबेथ राणी वाराणसीला आल्या तेव्हा तिथल्या महाराजांनी त्यांना या विहिरीची छोटी प्रतिकृती भेट दिली. विहिरीची शंभरी १९६४ मध्ये झाली, त्या सोहळ्याला खुद्द प्रिन्स फिलिप आले आणि काशीहून आणलेलं गंगाजल विहिरीच्या पाण्यात मिसळण्यात आलं. खडूतून गाळून आलेल्या इतक्या नितळ पाण्यात गंगाजल ओतणं हे सायन्सच्या दृष्टीने कसं, ते सोडून द्या. भावना समजून घ्या.

आजचं स्टोक रो गरीब वगैरे अजिबात नाही. लंडनच्या जवळ असलेल्या कुठल्याही देखण्या खेड्याचं होतं तेच याचंही झालं. खुर्च्यांचे पाय कातणारे गेले आणि ऐपतीची माणसं आली. इथल्या ‘क्रुकेड बिलेट’ नावाच्या जुन्या पबने तर १९९८ मध्ये जगभर मथळे मिळवले. ‘टायटॅनिक’नंतर वर्षभरातच केट विन्स्लेटच्या लग्नाची पार्टी इथे झाली होती, मेन्यूवर साधे सॉसेज आणि कुस्करलेला बटाटा! गुगलवर या गावाचं नाव टाकलं की हत्तीच्या जोडीने हाही किस्सा येतो.

जायचं असेल तर रीडिंग किंवा हेन्लीहून गाडीने जाणं सोपं. रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंनी बीचची झाडं. चेरी फुलते ती वसंतात, साधारण एप्रिलमध्ये. विहीर रस्त्याला लागूनच आहे, तिकीट वगैरे काही नाही. आणि लंडनमध्येच वेळ गेला, इतक्या लांब जमलं नाही, तर रीजंट्स पार्कमध्ये एक चक्कर टाका. तिथे ग्रॅनाइट आणि संगमरवराचं एक उंच पिण्याच्या पाण्याचं कारंजं आहे, १८६९ मधलं. ते लंडनकरांना देणारे गृहस्थ होते मुंबईचे सर कावसजी जहांगीर रेडीमनी, पारशी समाजाला इंग्रजी राज्यात मिळालेल्या संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून. या कावसजींचा बसलेला पुतळा मुंबई विद्यापीठाच्या फोर्टच्या आवारात आहे. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या कॉन्व्होकेशन हॉलपाशी, राजाबाई टॉवरच्या शेजारी.